संध्याकाळच्या दुधाआधी

सकाळी ९:००

शटर अर्धं वर गेलं तोच बापलेक पायरीशी आले. मुलीच्या खांद्याला लॅपटॉपची बॅग होती आणि वडिलांच्या मोटारसायकलला दुधाच्या कॅनचे हुक अजून लटकत होते. संगमनेरपासून बारा-तेरा किलोमीटरवर त्यांचं दूध संकलन केंद्र आहे. सकाळचं दूध आटोपून, फॅट मशीन धुऊन दोघं थेट दुकानात आले होते.

मुलगी कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ऑपरेटिंग सिस्टिमची प्रॅक्टिकल्स तिला लिनक्सवर करायची आहेत. घरात लॅपटॉप एकच, आणि केंद्राचं सॉफ्टवेअरही त्याच्यावरच. वजनकाटा आणि फॅट मशीन त्याला वायरने जोडलेलं असतं. फॅट, एसएनएफ, लिटर आणि भाव यांची पावती त्यातूनच निघते आणि दर दहा दिवसांनी दुधाचा पगारही त्यातूनच होतो. हे सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं.

“काका, विंडोज ठेवून उबंटू टाकता येईल ना?”

“येईल.”

“भाऊ, येईल ते ठीक,” वडील म्हणाले, “पण सहा वाजता माणसं किटल्या घेऊन उभी राहतात. पाचला लॅपटॉप माझ्या हातात पाहिजे.”

दुसरे मार्ग मी आधी समोर ठेवले. विंडोजच्या आतच लिनक्स चालवायची सोय आहे, व्हर्च्युअल मशीनही आहे. पण लॅपटॉपची रॅम ८ जीबी. त्यात दोन्ही एकदम चालवले तर दोन्ही रेंगाळतात. शिवाय तिला कर्नल मॉड्यूल लिहून चढवायचं प्रॅक्टिकल आहे, ते सरळ खऱ्या लिनक्सवर केलेलं बरं. म्हणजे डिस्कची वाटणी करायची हे ठरलं.

सकाळी ९:३०

हात लावण्याआधी डोळ्यांनी मोजणी. हा माझा नियम आहे. विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट उघडलं. डिस्क ५१२ जीबीची, पण विंडोज ४७६.९४ दाखवतं. “कंपनीने कमी दिली का?” वडिलांनी विचारलं. कमी दिलेली नाही. कंपनी हजाराच्या हिशोबाने मोजते, विंडोज १०२४च्या. माप बदललं की आकडा बदलतो, जागा तेवढीच असते.

डिस्कची मांडणी जीपीटी पद्धतीची निघाली, ते पाहून बरं वाटलं. जुन्या एमबीआर पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटच्या सेक्टरमध्येच सगळी वाटणी लिहिलेली असते. तिथे चारच मुख्य हिस्से मावतात आणि २ टीबीच्या पुढची जागा तिला मोजता येत नाही. जीपीटीत साधारण १२८ हिस्स्यांची नोंद मावते, आणि त्या नोंदीची एक नक्कल डिस्कच्या शेवटी असते. सुरुवातीचं पान फाटलं तरी शेवटच्या पानावरून हद्दी कळतात.

या डिस्कवर सुरुवातीला १०० एमबीचा ईएफआय हिस्सा होता. यंत्र सुरू होताना बूटलोडर इथूनच उचललं जातं. मग भलामोठा सी ड्राइव्ह, आणि शेवटी दुरुस्तीच्या वेळी लागणारा छोटा रिकव्हरी हिस्सा. ईएफआय आणि सी यांच्या मध्ये १६ एमबीचा आणखी एक राखीव तुकडा असतो. तो या खिडकीत दिसत नाही, म्हणून डिस्कपार्टमध्ये जाऊन पाहिला. प्रत्येक हिस्सा कुठे सुरू होतो आणि केवढा आहे ते वहीत लिहिलं आणि मोबाइलने फोटोही काढला. उद्या काही बिघडलं तर जुनी हद्द सांगणारा कागद हवा.

सकाळी १०:१५

आता बॅकअप. हे काम मी कुणाच्याही घाईत वगळत नाही. त्याचं कारण चौदा वर्षांपूर्वीचं आहे.

एका फोटो स्टुडिओचा डेस्कटॉप होता. सी ड्राइव्ह भरलेला, डी ड्राइव्हमध्ये जागा. डी उजवीकडे सरकवून सी वाढवायचा होता. हिस्सा सरकवायचा म्हणजे त्यातला सगळा मजकूर तुकड्यातुकड्याने उचलून नव्या जागी ठेवावा लागतो. नवी जागा आणि जुनी जागा एकमेकींवर चढलेल्या असतात, त्यामुळे काम अर्धं झालेलं असताना डिस्क जुन्या मांडणीचीही नसते आणि नवीचीही नसते. त्याच अर्ध्यावर लाईट गेली. यूपीएसची बॅटरी थकलेली होती, तिने दोन मिनिटंही साथ दिली नाही. तीन लग्नांचे फोटो होते. रिकव्हरी करून बरेचसे मिळाले, पण सगळे मिळाले नाहीत. एका नवऱ्या मुलीच्या आजीचे फोटो गेले, आणि त्या आजी त्यानंतर दोन महिन्यांत वारल्या. स्टुडिओवाला मला एक शब्दही वाकडा बोलला नाही. तेच अजून टोचतं.

म्हणून आज केंद्राच्या सॉफ्टवेअरचा डेटा आधी त्याच्याच बॅकअपच्या बटणाने काढला, मग त्याचं अख्खं फोल्डर एका बाहेरच्या डिस्कवर आणि एका पेनड्राइव्हवर उतरवलं. मुलीच्या नोट्स, घरचे फोटो, बँकेचे कागद तसेच. पण कॉपी झाली म्हणजे बॅकअप झाला असं मी मानत नाही. पेनड्राइव्ह दुकानातल्या दुसऱ्या मशीनला लावला, डेटा उघडला आणि वडिलांना म्हणालो, “मागच्या महिन्यातला कुठलाही एक सभासद सांगा.” त्यांनी नंबर सांगितला, पगारपत्रक उघडलं. आकडा पाहून त्यांनी मान हलवली. तेव्हा कुठे मी पुढे गेलो.

सकाळी ११:१५

सी ड्राइव्हवर बारीक कुलपाचं चित्र होतं. डिस्क एन्क्रिप्ट झालेली. घरात कुणी ते चालू केलं नव्हतं, कुणाला माहीतही नव्हतं. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्टच्या खात्याने लॉगिन केलं की हे आपोआप चालू होतं. लॅपटॉप चोरीला गेला तर आतलं कुणी वाचू शकत नाही, हा त्याचा मोठा फायदा. पण बूट होण्याच्या रीतीत बदल केला की हीच सोय दारात उभी राहते आणि ४८ आकडी किल्ली मागते. किल्ली नसेल तर मालकालाही आत जाता येत नाही.

“खातं कुणाच्या नावाने आहे?”

“माझ्याच,” मुलगी म्हणाली. “लॅपटॉप घेतला तेव्हा मीच उघडलं होतं.” तिने माझ्या मशीनवरून लॉगिन केलं. खात्यात किल्ली होती. सहा-सहा आकड्यांचे आठ गट. मी ते तिला तिच्याच वहीत स्वतःच्या अक्षरात लिहायला लावले. यातला प्रत्येक गट ११ने भागला जातो, त्यामुळे एखादा आकडा चुकला तर तिथल्या तिथे कळतं. तिने मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर आठही गट भागून पाहिले. सगळे बरोबर.

मग दोघांना विचारून एन्क्रिप्शन बंद केलं. म्हणजे डिस्कवरचा मजकूर पुन्हा साध्या रूपात लिहिला जातो, त्याला वेळ लागतो. तोवर चहा सांगितला. वडील बँकेच्या कामाला गेले. मुलगी थांबली.

दुपारी १२:३०

आता सी आकसायचा. डिस्क मॅनेजमेंटमध्ये सीवर राइट क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम. विंडोज व्हिस्टापासून ही सोय विंडोजमध्येच आहे. सीमध्ये २९० जीबी रिकामी दिसत होती, पण विंडोज म्हणालं, फक्त ४१ जीबी कमी करता येईल.

“असं कसं काका? जागा तर आहे.”

जागा आहे, पण ती सलग शेवटी नाही. फाइल सिस्टिम आकसते ती शेवटाकडून. शेवटच्या भागातल्या फाइली उचलून पुढे आणायच्या, त्यांचे पत्ते नोंदवहीत बदलायचे, आणि मग हद्द आत घ्यायची. पण विंडोज चालू असताना काही फाइली जागच्या हलवता येत नाहीत. त्यातली एखादी मध्ये बसली की हद्द तिथेच अडते. शेताच्या बांधावर जुनी विहीर असावी तसं. बांध विहिरीपर्यंतच येतो.

या विहिरी ओळखीच्या असतात. हायबरनेशनची फाइल, रॅमला पूरक म्हणून वापरली जाणारी पेजफाइल, आणि सिस्टिम रिस्टोअरने जपून ठेवलेल्या जुन्या नकला. इव्हेंट व्ह्यूअरच्या अॅप्लिकेशन नोंदींत २५९ क्रमांकाची नोंद पाहिली की श्रिंक कुठल्या फाइलीपाशी अडलं तेही कळतं. इथे पेजफाइल होती. तिघांनाही तात्पुरती सुट्टी दिली. हायबरनेशन बंद, पेजफाइल बंद, सिस्टिम प्रोटेक्शन बंद, आणि रिस्टार्ट.

हायबरनेशन बंद केल्याचा दुसरा फायदा त्याहून मोठा आहे. विंडोज ८पासून फास्ट स्टार्टअप आला. तेव्हापासून आपण शट डाउन म्हणतो तेव्हा विंडोज पूर्ण बंद होत नाही, कर्नलची स्थिती डिस्कवर ठेवून झोपतं. त्या झोपेत लिनक्सने सी ड्राइव्हवर काही लिहिलं, आणि मग विंडोज जुन्या आठवणीसह जागं झालं, तर दोघांच्या नोंदी जुळत नाहीत आणि फाइली खराब होतात. हायबरनेशनच नसेल तर फास्ट स्टार्टअपही राहत नाही.

पुन्हा श्रिंक. आता दोनशे जीबीच्या वर जागा देऊ लागलं. मुलीला विचारलं, किती हवी? “पन्नास पुरे.” मी शंभर ठरवली. अजून काही वर्षं शिकायचं आहे, पुन्हा पुन्हा बांध हलवायला नको. विंडोजला आकडा एमबीत द्यावा लागतो. १०० गुणिले १०२४, म्हणजे १०२४००. इथे लोक १००००० टाकतात आणि मग हिस्सा ९७च का दिसतो म्हणून विचारायला येतात. तिने स्वतः आकडा टाकला. दोन मिनिटांत काम झालं.

सी आणि रिकव्हरी यांच्या मध्ये काळी पट्टी उमटली, अनअॅलोकेटेड, १०० जीबी. एकही हिस्सा सरकला नव्हता. सीची फक्त शेवटची हद्द आत आली होती. ज्या सिस्टिमचा हिस्सा, तिच्याच हत्याराने तो कमी करावा हे मी चौदा वर्षांपूर्वी शिकलो. विंडोजचा हिस्सा विंडोजने आकसावा आणि रिकाम्या जागेत लिनक्सने स्वतःचं घर बांधावं.

लगेच पुढे गेलो नाही. विंडोज दोनदा रिस्टार्ट केलं, डिस्क तपासली, केंद्राचं सॉफ्टवेअर उघडून पाहिलं. तेवढ्यात वडील आले होते, त्यांनाही दाखवलं.

दुपारी १:३०

डबा उघडला आणि लाईट गेली. दुकानातला पंखा थांबला, इन्व्हर्टरने बिप दिला. मुलीने घाबरून लॅपटॉपकडे पाहिलं. बॅटरी ९६ टक्के. डिस्कचं कुठलंही काम बॅटरी भरलेली आणि चार्जर लावलेला असल्याशिवाय मी सुरू करत नाही. आज तर या क्षणी काही चालूही नव्हतं. आम्ही निवांत जेवलो. भाकरी, मेथी आणि वडिलांनी पिशवीतून काढलेलं घट्ट दही.

दुपारी २:१५

उबंटू २४.०४. एप्रिल २०२४ला आलेली ही आवृत्ती दीर्घ मुदतीची आहे, पाच वर्षं नियमित सुधारणा मिळतात. तिचा पेनड्राइव्ह माझ्याकडे तयार असतो. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा नियमित आधार संपल्यापासून तो टेबलावरून ड्रॉवरमध्ये जातच नाही. विंडोज ११ला न चालणारी पण धडधाकट असलेली किती यंत्रं त्याच्यामुळे पुन्हा उभी राहिली आहेत.

लॅपटॉप पेनड्राइव्हवरून सुरू केला, पण इन्स्टॉल दाबलं नाही. आधी आहे तसं चालवून पाहायचं. वायफाय लागलं. आवाज आला. टचपॅड, ब्राइटनेस, कॅमेरा सगळं तपासलं. सिक्युअर बूट चालूच ठेवलं होतं. उबंटूच्या बूटलोडरवर मायक्रोसॉफ्टची सही असते, त्यामुळे ते अडवत नाही.

“तू लिहिलेल्या मॉड्यूलला मात्र ते अडवेल,” मी तिला सांगितलं. “सही नसलेलं मॉड्यूल कर्नल घेणार नाही. आपली स्वतःची किल्ली बनवून सही कशी करायची ते रविवारी ये, शिकवतो.”

दुपारी २:४५

इन्स्टॉलेशन. स्वतः वाटणी करायचा पर्याय निवडला. रिकाम्या १०० जीबीवर एकच एक्स्टफोर हिस्सा, त्यावर सगळी सिस्टिम. स्वॅपसाठी उबंटू फाइल करून घेतं, वेगळा हिस्सा लागत नाही.

आणि मग तो एक क्षण, जिथे मी प्रत्येक वेळी माऊसवरून हात काढतो आणि पडदा मोठ्याने वाचतो. ईएफआयचा हिस्सा दोन्ही सिस्टिमना सामाईक असतो. त्यात विंडोजचा बूटलोडर आहे, उबंटूचा त्याच्याशेजारी बसतो. दहा एमबीच्या आतच त्याचं भागतं. हा हिस्सा वापरायचा, फॉरमॅट करायचा नाही. तिथे फॉरमॅटची खूण पडली की सीमधला डेटा जागच्या जागी राहूनही विंडोज सुरू होणार नाही. सामाईक विहीर कुणी बुजवत नाही. मुलीनेच पडद्यावरची प्रत्येक ओळ वाचली. कुठल्या हिस्स्यावर काय होणार, कुठल्यावर काहीच होणार नाही. सीपुढे काही बदल नाही. ईएफआयपुढे फॉरमॅट नाही. “दाबू?” “दाब.”

दुपारी ३:२०

पेनड्राइव्ह काढला, यंत्र सुरू झालं. ग्रबचा, म्हणजे कुठली सिस्टिम सुरू करायची ते विचारणारा मेनू आला, उबंटू उघडलं. तिने टर्मिनल उघडून पहिला सी प्रोग्राम लिहिला, चालवला. तिचे वडील मागे उभे राहून पाहत होते. इतका वेळ ते गप्प होते, आता म्हणाले, “हे तुझं आणि ते आपलं, असंच ना?” असंच.

मग बूटचा क्रम. ग्रब पहिला आला तर रोज सकाळ-संध्याकाळ वडिलांसमोर इंग्रजी मेनू उभा राहणार, आणि दहा सेकंदांत काय निवडायचं याची धाकधूक. म्हणून यूईएफआयच्या सेटिंगमध्ये विंडोज पहिलं ठेवलं. बटण दाबलं की त्यांना कालच्यासारखंच विंडोज येणार. मुलीने सुरू करताना बूट मेनूची की दाबायची आणि उबंटू निवडायचं. विंडोज सरळ स्वतःच्या बूटलोडरमधून सुरू होत असल्याने पुढे एन्क्रिप्शन परत चालू करायलाही अडचण राहत नाही. दोन सिस्टिम एका यंत्रावर आणताना, ज्याला बदल नको आहे त्याच्या हाताची सवय मोडू नये, असं मला मनापासून वाटतं.

दुपारी ३:५०

विंडोज उघडलं आणि कोपऱ्यातल्या घड्याळाकडे पाहिलं. सकाळचे १०:२० दाखवत होतं.

मी ह्याचीच वाट पाहत होतो. मदरबोर्डवर बारीक सेलवर चालणारं एक घड्याळ असतं. विंडोज समजतं त्यात स्थानिक वेळ आहे. लिनक्स समजतं त्यात यूटीसी, म्हणजे जगाची प्रमाण वेळ आहे. उबंटूने इंटरनेटवरून वेळ घेऊन त्यात यूटीसी लिहिली, विंडोजने तीच भारतीय वेळ समजून वाचली. फरक बरोबर साडेपाच तासांचा. नेट असेल तर विंडोज कधीतरी स्वतः दुरुस्त करून घेतं, पण केंद्रावर नेट असेलच असं नाही. एखाद्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर ही किरकोळ गोष्ट. इथे मात्र पावतीवर वेळ छापली जाते, आणि वेळ पाहूनच सॉफ्टवेअर सकाळ की संध्याकाळ ठरवतं. सहाचं दूध साडेबाराचं म्हणून नोंदलं असतं, आणि दहा दिवसांनी पगाराला कुणाच्या तरी एका वेळचं दूध हिशोबात सापडलं नसतं.

उबंटूत परत जाऊन एक ओळीची आज्ञा दिली. मदरबोर्डचं घड्याळ स्थानिक वेळेवर ठेव. उबंटू इशारा देतं की ज्या देशांत उन्हाळ्यात घड्याळ पुढे करतात तिथे यामुळे घोटाळा होऊ शकतो. आपल्याकडे तशी रीत नाही, त्यामुळे ते भय नाही. वेळ दुरुस्त करून तीनदा इकडून तिकडे गेलो. तिन्ही वेळा दोन्हीकडे एकच वेळ.

दुपारी ४:२५

दुपारी सुट्टी दिलेल्यांना परत बोलावलं. पेजफाइल चालू, सिस्टिम प्रोटेक्शन चालू. हायबरनेशन मात्र बंदच ठेवलं. नवी वाटणी वहीत जुनीच्या शेजारी लिहिली. केंद्राचं सॉफ्टवेअर उघडून खोटं नाव टाकून एक नोंद केली, पावती छापली, आणि ती नोंद काढून टाकली.

वडिलांना तीन गोष्टी सांगितल्या. दर दहा दिवसांनी पगार झाला की पेनड्राइव्हवर बॅकअप. किल्लीची वही लॅपटॉपच्या बॅगेत नाही, कपाटात. आणि विंडोज कधी मोठा अपडेट घेऊन बूटचा क्रम बदलेल, उबंटू नाहीसं झाल्यासारखं वाटेल, तेव्हा घाबरून कुणाकडून फॉरमॅट करून घेऊ नका, आधी मला फोन करा. उबंटू तिथेच असतं, फक्त दार बदललेलं असतं.

चार चाळीसला बापलेक निघाले.

संध्याकाळी ६:१०

मोबाइलवर मुलीने फोटो पाठवला. थर्मल कागदाची अरुंद पावती. गाय, ७.२ लिटर, फॅट ३.८, एसएनएफ ८.५. वर वेळ १८:०४, आणि पुढे ‘संध्याकाळ’.

रात्री ८:००

शटर ओढण्याआधी वही उघडली. माझ्या या वहीत प्रत्येक यंत्राचं एक पान आहे. डावीकडे आल्यावेळची हद्द, उजवीकडे गेल्यावेळची, आणि मधे केलेला बदल. आजच्या दिवसात वाटणीला लागली दोन मिनिटं. बाकी सगळा दिवस त्या दोन मिनिटांच्या आधी आणि नंतर गेला. काहीही झालं तरी परत जागेवर येता येईल एवढं मागे राहावं, यासाठी. नव्या पोरांना मी हेच शिकवतो. डिस्क कापायला कुणीही शिकेल, पण त्या डिस्कवर कुणाचं दूध आहे, कुणाची आजी आहे, हे आधी विचारायला शिकायचं.

स्टुडिओवाल्या पानावर उजवी बाजू कोरीच आहे. आजच्या पानाच्या दोन्ही बाजू भरल्या. खाली तारीख टाकली आणि लिहिलं: परत केला ४:४०.